टेली मानस १४४१६: भरती हुकल्यावर, पीक बुडाल्यावर कितपत कामाचा?

केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ लावायचा; पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतो, गरज दिसली तर पुढे तज्ज्ञाकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जोडून देतात. अपयशानं खचलेल्या माणसानं याचा उपयोग कसा करून घ्यावा, हे मात्र पोस्टरवर नसतं.

पोलीस भरतीचंच घ्या. मैदानी ५० गुण, लेखी १००. मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पूर्ण २०. काही सेकंदांनी गुण कापले जातात, मेरिट थोडक्यात हुकते. गावात मात्र "त्याचं काई झालं नाई" एवढंच उरतं आणि पोरगंही तेच खरं धरतं. कास्तकाराचं वेगळं नाही: बोंडअळी पऱ्हाटी खाते अन् माणूस स्वतःला नालायक ठरवतो.

मग इज्जत वाचवायची एक चोरवाट निघते. पुढच्या वेळी सरावच अर्धा करायचा, म्हणजे पडलं तर "मन लावून पळालोच कुठं" म्हणायला मोकळं. मानसशास्त्रात ही सवय १९७८ पासून नोंदलेली आहे. दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण कमी कुठं पडलो ते कधीच कळत नाही. समुपदेशकाला हे उघड सांगितलं तर बोलणं कामाचं होतं. नुसतं "टेन्शन आहे" म्हटल्यावर उत्तरही तितकंच मोघम येणार.

फोन लावण्याआधी कागद घ्या. गेलं ते नेमकं लिहा: गोळाफेकीचे गुण, की लेखीतलं गणित? त्यातलं हातात काय होतं, काय नव्हतं? मग १०-१५ मिनिटं तिसऱ्याच गोष्टीवर लिहा, जिचा भरतीशी किंवा शेतीशी संबंध नाही: भजनी मंडळात धरलेला ठेका, आजारी आईची केलेली सेवा. एका जागी पडलेल्या माणसाला दुसऱ्या मोलाच्या गोष्टीची आठवण सावरते, या मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या विचाराचा हा वापर आहे. विषय दुसराच हवा. ज्यात पडलो त्यातच "तू तर लय भारी पळतो" अशी शाबासकी दिली, तर खपलीच निघते.

सेवेला पाचपैकी साडेतीन. फोनवरच्या माणसाला चेहरा दिसत नाही, म्हणून झोप, जेवण, जीव द्यायचे विचार यांबद्दल विचारलं की लपवू नका. ओसरीवर सगळ्यांसमोर बोलणं होत नाही. रेंज पाहून बाजूला जा. पुन्हा फोन कराल का, हे फोन ठेवण्याआधी विचारून घ्या. कर्ज मात्र इथं सुटत नाही. सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे करायची, २०१४ च्या कायद्याखाली. मोफत वकिलासाठी १५१०० हा नंबर लावा.

घरच्यांसाठी एक काम, फोनइतकंच मोठं: खचलेला माणूस राहतो त्या घरात फवारणीचं औषध ठेवू नका, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. ते पोटात गेलंच असेल तर १४४१६ नको, लगेच १०८ लावा. उलटी करवायच्या भानगडीत पडू नका आणि डबा लेबलसकट दवाखान्यात न्या, नेमकं कोणतं औषध ते डॉक्टरला तिथंच कळतं.