अनफरगिव्हन: कायदा एकाच माणसाच्या मुठीत

क्लिंट ईस्टवूड यांनी दिग्दर्शित केलेला ‘अनफरगिव्हन’ हा 1992 सालचा चित्रपट सोलापुरातल्या आम्हा काही रसिकांना नुकताच मोठ्या पडद्यावर एकत्र पाहता आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवलेल्या या कलाकृतीची कीर्ती ऐकून होतो, पण तिच्यातला खलनायक मनात इतका घर करून राहील, असे वाटले नव्हते.

कथा 1880 च्या सुमाराची, अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या बिग व्हिस्की या काल्पनिक वस्तीतली. तिथल्या दारूच्या गुत्त्यात साथीदारासह आलेला एक गुराखी एका वेश्येचा चेहरा चाकूने विद्रूप करतो. शेरीफ लिटल बिल डॅगेट निवाडा करतो तो असा, की गुन्हेगारांनी भरपाई म्हणून घोडे द्यावेत. आणि तेही त्या मुलीला नव्हे, तर तिच्यावर पैसे खर्च करून तिला आणणाऱ्या गुत्तेवाल्याला. हा अन्याय सहन न होऊन तिथल्या बायका पै-पै गोळा करतात आणि गुन्हेगारांना मारणाऱ्यास हजार डॉलरचे बक्षीस लावतात. एके काळचा क्रूर मारेकरी, आता डुकरे पाळून दोन मुलांना वाढवणारा विधुर विल्यम मनी, त्या पैशासाठी पुन्हा बंदूक उचलतो. ही भूमिका स्वतः ईस्टवूड यांनी केली आहे.

चित्रपटाचा खरा कणा मात्र जीन हॅकमन यांनी साकारलेला लिटल बिल आहे. तो कुठे लाच घेताना दिसत नाही, उलट गावात शस्त्रबंदी करून शांतता राखल्याचा त्याला अभिमान आहे. त्याची सत्ता सडली आहे ती वेगळ्याच अर्थाने: गुन्हा कोणता, शिक्षा किती आणि माणूस कोणाला म्हणायचे, हे तो एकटाच ठरवतो, आणि बक्षिसासाठी आलेल्या इंग्लिश बॉब या बंदूकबाजाला भर रस्त्यात लाथांनी तुडवताना सारे गाव मुकाट्याने बघत राहते. तुरुंगातला प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. लिटल बिल बॉबसोबत आलेल्या त्याच्या चरित्रलेखकाला कोठडीतल्या बॉबपुढे पिस्तूल धरायला लावतो. ते रिकामे असेल या शंकेने बॉब हात पुढे करत नाही, आणि मग बिल त्यातल्या गोळ्या शांतपणे काढून दाखवतो. दहशत कशी मुरते, हे त्या काही क्षणांत कळते. हाच माणूस स्वतःच्या हातांनी घर बांधतो आहे. पाऊस आला की त्याचे छप्पर जागोजागी गळते आणि खाली भांडी मांडावी लागतात. हॅकमन यांनी त्याला राक्षस केले नाही, म्हणूनच तो अधिक भयंकर वाटतो. या भूमिकेसाठी त्यांना मिळालेले ऑस्कर सर्वथा योग्य आहे.

1930 चा मार्शल लॉ आणि त्यानंतर फासावर गेलेले चार हुतात्मे यांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला, कायद्याच्या नावाने चालणारी जुलूमशाही म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चित्रपटानंतर आमची चर्चा बराच वेळ मनीच्या नेमबाजीपेक्षा त्या गप्प बसलेल्या गावावरच चालली होती.

दोन गोष्टी खटकल्या. ज्या स्त्रियांच्या संतापातून कथा सुरू होते, त्या उत्तरार्धात जवळजवळ बाजूला पडतात. दुसरे म्हणजे, माणूस मारणे किती किळसवाणे आणि जड असते हे संपूर्ण चित्रपटभर दाखवून झाल्यावर शेवटच्या चकमकीत मनी पुन्हा अजिंक्य वीरासारखा उभा राहतो. तो प्रसंग थरारक आहे यात शंका नाही, पण आधीच्या प्रामाणिकपणाला त्याने थोडा धक्का बसतो, असे माझे मत आहे.

चित्रपट सुमारे सव्वादोन तासांचा आहे. हिंसा आणि विषय पाहता तो लहान मुलांसोबत पाहू नये. जॅक ग्रीन यांच्या छायाचित्रणात बरेचसे प्रसंग कंदिलाच्या उजेडात घडतात, त्यामुळे मोबाइलवर पाहणाऱ्यांच्या हाती निम्मा अंधारच लागेल. जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर आणि खोलीतले दिवे मालवूनच तो पाहावा.