लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर चित्र नीट का दिसत नाही: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी ४३ इंची ४के टीव्ही लॅपटॉपचा मुख्य पडदा म्हणून वापरत आहे. दिवसभर लेखन आणि हिशेबाच्या शीट्स, रात्री एखादा चित्रपट, असा हा वापर आहे. पहिल्या महिन्यात चित्राच्या इतक्या अडचणी आल्या की टीव्ही परत करावा असे वाटू लागले होते. आज त्याच टीव्हीवर मी रोज सात-आठ तास विनात्रास वाचतो. मधल्या काळात एक केबल आणि एक अडॅप्टर बदलला, बाकी सर्व फरक सेटिंगचा होता.

सर्वांत आधी खटकले ते चित्राच्या कडा कापल्या जाणे. टास्कबार अर्धाच दिसे आणि विंडो बंद करण्याची फुली पडद्याबाहेर जाई. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र थोडे मोठे करून त्या चौकटीमागे दडवण्याची पद्धत होती, आणि सपाट पडद्यांवर तिची गरज संपल्यानंतरही ती अनेक टीव्हींमध्ये टिकून राहिली. मी सुरुवातीला ग्राफिक्स ड्रायव्हरमधून लॅपटॉपचेच चित्र लहान केले. कडा दिसू लागल्या खऱ्या, परंतु लॅपटॉपने आक्रसून पाठवलेले चित्र टीव्ही पुन्हा ताणत असल्यामुळे अक्षरांची धार गेली आणि दोन आठवडे डोळ्यांवर ताण आला. खरा उपाय टीव्हीच्या मेनूत, चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये असतो: एलजीवर त्याला ‘जस्ट स्कॅन’ म्हणतात, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’. तो निवडल्यावर लॅपटॉपचा एक पिक्सेल टीव्हीच्या एकाच पिक्सेलवर पडतो. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत असतील, तर कारण वेगळे आहे. लॅपटॉपचा पडदा १६:१० प्रमाणाचा आणि टीव्ही १६:९ चा असेल, तर ‘डुप्लिकेट’ पर्यायात असे होऊ शकते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे.

दुसरी अडचण माउसची होती. बाण हलवला की तो अडखळत, मागे राहिल्यासारखा सरके. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये पाहिल्यावर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येते तो आकडा, ३० हर्ट्झ असल्याचे दिसले, आणि ६० चा पर्यायच उपलब्ध नव्हता. ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेलांचे चित्र सेकंदाला ६० वेळा, पूर्ण रंगांसह पाठवायचे तर सुमारे १८ गिगाबिट प्रतिसेकंद एवढी क्षमता लागते. लॅपटॉप आणि टीव्ही ज्या एचडीएमआय जोडणीने जोडतात, तिच्या २.० या आवृत्तीत ती मिळते. एचडीएमआय १.४ ची मर्यादा १०.२ असल्यामुळे तिथे हे चित्र ३० वरच थांबते. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला एचडीएमआय केबल जोडून देणारा माझा अडॅप्टर त्या जुन्या मर्यादेतला होता, आणि त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत केवळ ‘४के’ छापलेले होते. अडॅप्टर घेताना ‘४के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट लिहिलेले आहे का, हे पाहणे मला अत्यावश्यक वाटते. त्याशिवाय टीव्हीच्या ज्या पोर्टला लॅपटॉप जोडला आहे, त्यासाठी एलजीवर ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’ अशी जी सेटिंग असते, ती चालू करावी लागते.

ज्या दोषाने मला सर्वाधिक काळ छळले, तो रंगीत अक्षरांचा. काळी अक्षरे पांढऱ्यावर ठीक दिसत, पण लाल किंवा निळी बारीक अक्षरे गडद पार्श्वभूमीवर शाई पसरल्यासारखी दिसत. व्हिडिओसाठी रंगाची माहिती कमी करण्याची एक रीत आहे: ४:२:० या पद्धतीत उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा स्वतंत्र असतो, रंग मात्र चार पिक्सेलांना मिळून एकच. चित्रपटात हे सहसा जाणवत नाही, परंतु एक-दोन पिक्सेल जाडीच्या रंगीत रेषेचे त्यात नुकसान होते. मी लॅपटॉपवर आरजीबी, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण पाठवण्याचा पर्याय, निवडले, तरी फरक पडला नाही, कारण माझा टीव्ही आलेले चित्र स्वतःच्या प्रक्रियेत पुन्हा तसेच करत होता. शेवटी इनपुटच्या यादीत त्या पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ ठेवले आणि अक्षरे त्याच क्षणी स्वच्छ झाली. अनेक टीव्हींमध्ये ते नाव म्हणजे केवळ लेबल नसून रंग पूर्ण ठेवण्याची आणि अनावश्यक प्रक्रिया थांबवण्याची सूचना असते. शार्पनेसही मी तेव्हाच खाली आणला, कारण अक्षरांभोवतीची पांढरी किनार त्याचीच होती.

काळा रंग राखाडी दिसणे हा दोन उपकरणांतला गैरमेळ असतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांसाठी संगणक सामान्यतः ० ते २५५ ही पूर्ण श्रेणी वापरतो, व्हिडिओची परंपरा १६ ते २३५ ची आहे. लॅपटॉप मर्यादित श्रेणी पाठवत असेल आणि टीव्ही पूर्ण श्रेणी समजत असेल तर चित्र फिकट पडते. उलट झाले तर सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो. दोन्हीकडे एकच श्रेणी ठेवली की पुरे.

केबलबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगाविशी वाटते. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असल्याने खराब केबलमुळे चित्र फिकट किंवा मऊ होत नाही. पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. माझ्या पाच मीटरच्या केबलने हे दोन्ही केले. ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणित दोन मीटरची केबल लावल्यापासून तो त्रास एकदाही झाला नाही. रंग फिकट आहेत म्हणून केबल बदलणाऱ्याचे पैसे वाया जातील.

एक त्रास अजून आहे. टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर दोनदा माझ्या पोर्टचे नाव आणि चित्राचा आकार मूळ स्थितीत गेला, आणि अक्षरे पुन्हा पसरलेली दिसू लागली. आता मी मेनूच्या त्या पानांची छायाचित्रे फोनमध्ये ठेवली आहेत. सर्व पूर्ववत करायला पाच मिनिटे लागतात.