वर्गासाठी चित्रपुस्तकं: प्राण्यांच्या गोष्टी, वेगळेपणावरची पुस्तकं की रोजच्या गोष्टी?

मुलांनी एकमेकांना समजून घ्यावं आणि वर्गात कुणालाही उपरं वाटू नये, यासाठी चित्रपुस्तकं वापरायची असं ठरलं की पुढचा प्रश्न निवडीचा असतो. पुस्तकांना पैसे थोडे, वाचून दाखवायला वेळ त्याहून थोडा. ‘सगळंच घ्या’ हा सल्ला तिथे कामाला येत नाही.

साधारण तीन प्रकार समोर येतात. पहिला प्राण्यांच्या गोष्टींचा. दुसरा एखाद्या वेगळेपणावरच बेतलेल्या पुस्तकांचा: ऐकू न येणं, स्थलांतर, कातडीचा रंग, आईवडिलांचं वेगळं होणं. तिसऱ्या प्रकारात कुणाचा तरी चेंडू हरवलेला असतो, कुणाला अंधाराची भीती वाटत असते. त्या मुलांतलं एखादं व्हीलचेअरवर असतं, एखाद्याच्या घरी निराळी भाषा बोलतात, एखाद्याला आजीच सांभाळते. गोष्ट मात्र चेंडूचीच असते.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक पैसे तिसऱ्या प्रकारावर घालावेत, दुसऱ्यातली मोजकी पुस्तकं पारखून घ्यावीत, आणि पहिल्याकडून या कामाची फार अपेक्षा ठेवू नये.

प्राण्यांच्या गोष्टी शिक्षकांना सोयीच्या वाटतात, कारण सशाला ना धर्म ना रंग, त्यामुळे कुणी दुखावलं जाणार नाही. पण याच सोयीत त्यांची मर्यादाही आहे. टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली होती. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात तीच गोष्ट माणसांसारखे कपडे घातलेल्या प्राण्यांची होती. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपल्याकडचे स्टिकर दुसऱ्यांना जास्त दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांत ही वाढ दिसली नाही. अभ्यास लहान होता आणि परिणाम लगेचच मोजला होता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी ससा आणि शेजारच्या बाकावरची मुलगी यांच्यात दुवा जोडणं लहान मुलाला आपोआप जमत नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आणखी एक हिशेब बघण्यासारखा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं केंद्र आपल्याकडे येणाऱ्या नव्या पुस्तकांची दरवर्षी मोजणी करतं. २०१८ च्या पुस्तकांत ५० टक्के मुख्य पात्रं गोरी होती आणि २७ टक्के प्राणी किंवा वस्तू. कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची) आणि मूलनिवासी मिळून २३ टक्के. म्हणजे या सगळ्या मुलांना मिळून जेवढी जागा होती, त्याहून अस्वलं-ट्रकना जास्त होती. तरी हसायला, ताल धरायला, शब्द शिकायला प्राण्यांच्या गोष्टी जरूर ठेवाव्यात.

खरी तुलना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे.

रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते: पुस्तक कधी आरसा असतं, ज्यात मूल स्वतःला बघतं; कधी खिडकी, जिच्यातून दुसऱ्याचं जगणं दिसतं; आणि कधी पलीकडे जाता येईल असं सरकतं काचेचं दार. वेगळेपणावरची पुस्तकं बहुतेक वेळा बाकीच्या मुलांसाठी खिडकी म्हणून लिहिलेली असतात. ज्या मुलाबद्दल पुस्तक आहे, ते मूल वर्गातच बसलेलं असेल तर काय होतं? वाचन सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर माना वळतात. त्या एकाच मुलाकडे सगळे बघतात आणि ते पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसतं. आपलेपणा वाढवायला काढलेल्या पुस्तकाने त्या मुलाला वर्गापुढे उभं केलेलं असतं.

या पुस्तकांची एक ठरलेली कथाही असते, आणि ती मला मनापासून खटकते. वेगळ्या मुलाला सगळे चिडवतात. मग ते कुणाला तरी वाचवतं, शर्यत जिंकतं किंवा त्याच्या त्याच वेगळेपणामुळे सगळ्यांचं संकट टळतं. मग सगळे त्याला आपलं म्हणतात. ऐकणाऱ्या मुलाला यातून कळतं ते इतकंच, की आपलं मानलं जायला काहीतरी करून दाखवावं लागतं. शर्यत न जिंकणाऱ्या मुलाने काय करायचं? अशी पुस्तकं भरपूर आहेत, बक्षीसपात्र चित्रांचीही आहेत. ती मी घेत नाही.

तरीही दुसरा प्रकार टाकून देता येत नाही. मुलांना विचारायचं असतं आणि शब्द सापडत नाहीत, तेव्हा ही पुस्तकंच शब्द देतात. कानामागचं यंत्र म्हणजे काय, एखादं मूल अचानक देश का सोडतं, हे सरळ सांगणारं चांगलं पुस्तक हाताशी हवंच. फक्त नवं मूल वर्गात आल्यानंतरच्या सोमवारी ते पुस्तक काढू नये. आधी वाचलेलं असावं, किंवा दोन महिने जाऊ द्यावेत.

तिसऱ्या प्रकारचं जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ चं ‘द स्नोई डे’. एक कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट. पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं. मुलाच्या रंगाचा शब्दात कुठेही उल्लेख नाही, यावरून त्यावर टीकाही झाली, आणि या प्रकाराची कमजोरी तीच आहे. पुस्तक बोलत नाही, त्यामुळे घाईत वाचलं तर मुलांच्या नजरेतून सगळं निसटतं.

त्यामुळे इथे शिक्षकावर जास्त भिस्त असते. ‘तुला कसं वाटलं असतं?’ असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘वाईट’ म्हणतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा चित्रावर बोट ठेवावं. सगळी मुलं जिन्यावर चढली आहेत आणि व्हीलचेअरवरची मुलगी खाली आहे, अशा पानावर ‘तिचे हात काय करताहेत?’ असं विचारावं. कुणी म्हणतं चाक धरलंय, कुणी म्हणतं मूठ आवळलीय. मग कुणाला तरी वाटतं ती रागावलीय, दुसऱ्याला वाटतं ती दुसरी वाट शोधतेय. इथे मुलं तिचा विचार करू लागतात, तिची कीव करत नाहीत. हेच पुस्तक आठवड्याभराने पुन्हा वाचावं; दुसऱ्या वाचनात गप्प मुलं बोलतात.

वाचन कोपऱ्यात पुस्तकं नुसती मांडून हे साधत नाही. तिथे मुलं ओळखीचंच पुस्तक उचलतात. आधी सगळ्यांना वाचून दाखवायचं, मग कोपऱ्यात ठेवायचं. आणि ‘विविधता सप्ताह’ करून उरलेलं वर्ष पुस्तकं कपाटात ठेवणार असाल, तर तो न केलेला बरा.

दहाच पुस्तकं घेता येणार असतील, तर मी सहा रोजच्या गोष्टींची, दोन वेगळेपणावरची आणि दोन प्राण्यांची घेईन. पहिलीच्या वर्गासाठी वेगळेपणावरचं एकच पुरे. चौथीची मुलं अन्याय या विषयावर थेट बोलायला तयार असतात, तिथे तीन घ्या. वर्गातली मुलं दिसायला-बोलायला सारखीच असतील, तर खिडक्या वाढवाव्यात. एखादं मूल एकटं पडलं असेल, तर आधी त्याच्यासाठी आरसा शोधावा, आणि तो एकापेक्षा जास्त पुस्तकांत असावा, म्हणजे एकाच गोष्टीचं ओझं त्याच्यावर येणार नाही.

पैसे देण्याआधी पुस्तक उभ्या उभ्या चाळून दोन गोष्टी बघा. अडचण कोण सोडवतं? आणि शेवटच्या पानावर बदललेलं कोण असतं, ते वेगळं मूल की त्याला बाहेर ठेवणारी मुलं?