खांबांचा मंडप की सांगाड्याचा? भाड्याने ठरवण्याआधी

मंडपाची चौकशी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती माणसांचा?' माझ्या मते त्याआधी जागा बघावी. पायाखाली माती आहे की फरशी, एवढ्यावरच अर्धा निर्णय होऊन जातो.

मधल्या खांबांवर तोललेला, दोर ताणून उभा केलेला मंडप दिसायला देखणा आणि सहसा स्वस्त. पण त्याची सगळी मदार मेखांवर. त्या खोल ठोकता येतील अशी माती हवी, शिवाय चारी बाजूंना दोरांसाठी निदान ५ फूट मोकळे. म्हणजे २० बाय ४० फुटांचा मंडप प्रत्यक्षात ३० बाय ५० फूट जागा अडवतो. मापं घेताना नेमकं हेच सुटतं. जमिनीखालून पाण्याचे पाइप किंवा विजेची केबल गेली आहे का, हे जागामालकाला आधीच विचारावं. मंडपवाल्याला ते माहीत असायचं कारण नाही. आणि आतले खांब हलवता येत नाहीत, त्यामुळे मंचासमोर एखादा आला तर मागच्यांनी माना वाकड्या करायच्या.

ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या मंडपात मधे खांबच नसतात. फरशी, डांबर, भिंतीलगतची जागा, सगळीकडे तो चालतो. भाडं जास्त, उभारायला वेळही जास्त. मेखा ठोकता येत नसतील तर तो वजनाने धरून ठेवावा लागतो: काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याने भरलेले ड्रम. २०० लिटरच्या ड्रममधलं पाणी २०० किलो भरतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. 'पायांशी चार वाळूच्या पिशव्या टाकू' म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. जागेबद्दल खात्री नसेल तर मी सांगाडाच घेईन आणि तेवढे पैसे सजावटीतून कापीन.

घडी करून नेता येणाऱ्या १० बाय १० फुटांच्या छत्र्या सावलीपुरत्या ठीक. चार छत्र्या जोडून मंडप करू नये, पाऊस सांध्यांतून थेट पाहुण्यांच्या डोक्यावर येतो.

आकार मात्र माणसांपेक्षा बसण्याच्या पद्धतीवर ठरतो. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील तर माणशी ६ ते ८ चौरस फूट पुरतात. गोल टेबलांवर जेवण असेल तर १० ते १२ लागतात. म्हणजे त्याच ८०० चौरस फुटांत रांगांनी शंभराहून जास्त माणसं मावतील, टेबलांवर ६५ ते ८०. मंच आणि वाढपाची टेबलं यातून आणखी वजा. ५ फुटी गोल टेबलावर १० जण बसतात असं सांगितलं जातं. ८ धरा, कोपर कोपराला लागणार नाही. अरुंद मंडपात लांब टेबलं जास्त माणसं सामावतात, गप्पा मात्र गोल टेबलावरच रंगतात.

खुर्च्यांवर फार डोकं शिणवू नये. हिरवळीवर बारीक पायांच्या खुर्च्या रुततात, पावसाची शक्यता असेल तर गाद्यांच्या नकोत, बस्स. वयस्कर पाहुण्यांसाठी हाताच्या काही वेगळ्या सांगून ठेवाव्यात.

सगळं एकाकडून घ्यावं की वेगवेगळ्यांकडून? वेगवेगळं घेतल्यास कधीकधी स्वस्त पडतं, पण टेबलं आली आणि मंडप अजून जमिनीवरच, असं झालं की भांडायचं कुणाशी? मी एकाकडूनच घेईन. दरांची तुलना करायची तर ने-आण, उभारणी, उतरवणी, कनाती आणि अनामत धरून एकूण आकड्याची करावी. कनातींचे पैसे बऱ्याचदा वेगळे लावतात. जनरेटर असेल तर तो मंडपापासून लांब आणि वाऱ्याने धूर आत येणार नाही अशा बाजूला ठेवायचं ठरवून घ्यावं. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि किती वेगाच्या वाऱ्याला मंडप रिकामा करायचा, तो निर्णय कोण घेणार, हे करारात लिहून मागावं. जो मंडपवाला हा आकडा चटकन सांगतो, त्याचं भाडं थोडं जास्त असलं तरी मी त्यालाच काम देईन.