पुण्याहून युरोपला: विमानाला उशीर झाला तर कोणत्या तिकिटावर काय मिळतं?

मुलगा म्युनिकला, लेक ॲमस्टरडॅमला आणि उन्हाळ्यात आई-वडील तिकडे, हे चित्र आता कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळीकडे दिसतं. तिकीट काढताना आपण भाडं बघतो, सामानाचे किलो बघतो, मधला थांबा किती तासांचा ते बघतो. विमान पाच तास उशिरा पोहोचलं तर काय मिळेल, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण मुंबईहून एकाच रात्री फ्रँकफर्टला निघालेल्या दोन विमानांतल्या प्रवाशांचे हक्क अगदी वेगळे असू शकतात.

आपल्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, केएलएम अशा युरोपीय कंपन्या, एअर इंडियासारखी भारतीय कंपनी आणि दुबई-दोहामार्गे जाणाऱ्या आखाती कंपन्या.

युरोपीय कंपनीचं पारडं जाताना सगळ्यात जड. युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. विमान रद्द झालं तर भरपाई त्यात आधीपासूनच होती. तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरासाठीही ती द्यावी लागेल, असं युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरो, म्हणजे साठ हजार रुपयांच्या घरात. उशीर तीन ते चार तासांचा असेल तर कंपनी ही रक्कम निम्मी करू शकते. तिकीट सवलतीत घेतलं होतं की महाग, याने फरक पडत नाही. पोहोचण्याची वेळ धरली जाते ती विमानाचं दार उघडल्याची, चाकं टेकल्याची नाही. तीन तासांच्या काठावरच्या प्रकरणात ही दहा-पंधरा मिनिटंच निकाल ठरवतात, म्हणून दार उघडलं की घड्याळाचा फोटो काढून ठेवा.

खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध, सुरक्षेचा प्रश्न अशा कारणांसाठी रोख भरपाई मिळत नाही. पण नेहमीच्या तांत्रिक बिघाडाची सबब तिथे सहसा टिकत नाही. आपल्या प्रवाशांना नेमकं हेच ठाऊक नसतं, आणि ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ हे दोन शब्द ऐकून ते गप्प बसतात.

भारतीय कंपनीने मुंबईहून किंवा दिल्लीहून निघालात तर हा युरोपीय नियम जाताना लागू नाही. तिथे डीजीसीए, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम, आणि त्यांत निव्वळ उशिरासाठी रोख रक्कम नाही. पाच तासांहून लांबच्या उड्डाणाला चार तास उशीर झाला की खाणं-पिणं द्यायचं. उड्डाण रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतलं असून उशीर सहा तासांच्या वर गेला, तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची सोयही कंपनीने करायची. युरोपची बरीच विमानं याच वेळेत सुटतात, तेव्हा ही तरतूद लक्षात ठेवून काउंटरवर स्पष्ट मागा. विमान वेळेत न कळवता रद्द केलं, तर परतावा किंवा दुसऱ्या विमानाखेरीज उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये मिळतात. त्यातही मूळ भाडं अधिक इंधन अधिभार ही रक्कम कमी भरत असेल तर तेवढीच. साठ वर्षांच्या पुढच्या प्रवाशाने रात्रभर खुर्चीत काढायची आणि त्याची किंमत एक सँडविच, हे मला मान्य नाही. हा नियम बदलायला हवा.

आखाती कंपनी जाताना युरोपीय नियमाच्या बाहेरच राहते. पुढचं विमान चुकलं तर ती दुसऱ्या विमानात बसवून देते, पण ६०० युरोंचा दावा उभा राहत नाही.

परतीला मात्र सगळंच पालटतं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान या नियमात येतं. फ्रँकफर्ट–दिल्ली–पुणे असं एअर इंडियाचं एकच बुकिंग असेल आणि कंपनीच्या चुकीने तुम्ही लोहगावला चार तासांहून उशिरा उतरलात, तर ६०० युरो मागता येतात. दुबईमार्गे मुंबईला येणाऱ्यालाही तेच. तेव्हा भरपाईचा विचार करून जास्त पैसे मोजायचेच असतील, तर ते जातानाच्या तिकिटावर मोजा. परतीला स्वस्त आणि सोयीचं घ्या.

एक बारकावा. तिकीट कुणी विकलं यापेक्षा विमान कोण चालवतंय हे महत्त्वाचं. लुफ्तान्साच्या क्रमांकाचं तिकीट असून मुंबईहून विमान एअर इंडियाचं निघालं, तर जातानाचा दावा गेला. बुकिंग करतानाच बारीक अक्षरातली ती ओळ वाचा.

आता पुण्याचा खास प्रश्न. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, धावपट्टी एकच. पुणे–दिल्ली वेगळं तिकीट काढून पुढचं युरोपचं दुसऱ्या पीएनआरवर घेतलं आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी तुम्हाला ‘आलेच नाहीत’ असं धरते. एका पीएनआरवर असाल तर पुढे पोहोचवणं कंपनीवर बंधनकारक. दोन-तीन हजार वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढू नका. मुंबईहून थेट विमान घेतलं तर हा धोका टळतो, पण घाटात अडकलेल्या टॅक्सीची भरपाई कुठलाच कायदा देत नाही.

माझं मत विचाराल तर ज्येष्ठांसाठी, भाड्यातला फरक माणशी आठ-दहा हजारांपर्यंत असेल तर, जाताना मुंबईहून युरोपीय कंपनीचं थेट विमान. फरक त्याहून मोठा असेल तर पुण्यापासून एकाच बुकिंगवरची भारतीय कंपनी. नुसत्या भरपाईच्या आशेवर वीस हजार जादा घालू नयेत.

दावा कसा करायचा? युरोपीय भरपाईसाठी आधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा अर्ज. नकार आला तर तिकडे राहणाऱ्या मुलाने पाठपुरावा करणं सोपं जातं. जर्मनीत मुदत तीन वर्षांची आहे. बोर्डिंग पास फेकू नका. भारतीय नियमांखालची तक्रार एअरसेवा या सरकारी पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार नोंदवता येते, म्हणजे कंपनीचं कार्यालय दिल्लीत असलं तरी तुम्ही पुण्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची.