बर्बन थीमची गिफ्ट्स: वर्षभरानंतर काय वापरात आहे आणि काय कपाटावर गेलंय

आमच्या घरात आणि ओळखीत बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, पिणारे पुरुष जरा जास्तच आहेत. नवरा, दादा, धाकटा दीर, नवऱ्याचे मित्र, शिवाय ऑफिसातले एक सर जे मधे रिटायर झाले. त्यामुळे वाढदिवस, प्रमोशन, लग्न, रिटायरमेंट असं काही ना काही निमित्त निघत गेलं आणि मी ही थीमवाली गिफ्ट्स घेत गेले. आता ऑनलाइन रिव्ह्यू बघितले तर बहुतेक सगळे बॉक्स उघडला त्याच दिवशीचे असतात, पॅकिंग छान, नवरा खूश, पाच स्टार. पण गिफ्ट मिळाल्या मिळाल्या सगळेच 'वा, मस्त' म्हणतात हो, त्यावरून काहीच कळत नाही. मी या सगळ्यांच्या घरी जाऊन-येऊन असते, त्यामुळे काय रोज हाताशी आहे आणि काय धूळ खातंय ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, जी वस्तू बाटली आणि तोंड यांच्या मधे येते ती वापरली जाते. ज्या वस्तूवर नुसतं बर्बन हे नाव किंवा बॅरलचं चित्र आहे ती नाही. पाट्या, टी-शर्ट, की-चेन, 'बर्बन टाइम' लिहिलेलं भिंतीवरचं घड्याळ, या सगळ्यावर एका वाक्याच्या वर लिहिण्यासारखं काही नाही, नव्याचे नऊ दिवस.

सगळ्यात जास्त वापरला गेलेला प्रकार म्हणजे ग्लास. ग्लेनकेर्न म्हणून जो ग्लास मिळतो, खाली फुगीर आणि वर निमुळता, तो स्कॉटलंडचा, 2001 मध्ये बाजारात आला आणि आता व्हिस्की टेस्टिंगला जिकडेतिकडे तोच दिसतो. नवऱ्याला त्याचा जोड दिला होता. बर्फ न घालता पिणाऱ्यासाठी याच्याइतकं बिनचूक गिफ्ट नाही, वास वर एकवटतो, व्हॅनिला, कॅरमेल वगैरे जे लोक म्हणतात ते मलासुद्धा पहिल्यांदा त्यातच कळलं (मी कधीमधी थोडीशी घेते). फक्त नाक एकदम आत घालायचं नाही, पन्नास टक्के अल्कोहोलची बर्बन असेल तर झणका डोक्यात जातो. पण एक आहे, दादा बर्फाशिवाय पितच नाही आणि या ग्लासात मोठा बर्फ जातच नाही, तोंड अरुंद. त्याच्यासाठी जाड बुडाचा रुंद रॉक्स ग्लास. म्हणजे ग्लास घ्यायच्या आधी माणूस कशी पितो ते बघा, एवढं एक पाहिलं तरी अर्धं काम झालं.

ग्लासवर नाव कोरून घेणार असाल तर खरंच कोरलेलं आहे का वरून छापलंय ते विचारून घ्या. आमच्याकडे दोन्ही आहेत. लेझरने कोरलेलं अजून जसंच्या तसं आहे, छापलेली सोनेरी अक्षरं डिशवॉशरमध्ये जाऊन जाऊन अर्धी उडाली, आता आडनावाची पहिली दोन अक्षरं तेवढी उरलीयत.

दुसरा नंबर बर्फाच्या साच्याचा, आणि याचं मला स्वतःला आश्चर्य वाटलं कारण गिफ्ट म्हणून ते हातात घेतल्यावर अगदीच किरकोळ वाटतं, सिलिकॉनचा डबा. साधा गोळ्यांचा साचा आणि पारदर्शक बर्फाचा साचा यात फरक आहे बरं का. पारदर्शकवाल्याला बाजूने आणि खालून जाड थर्मोकोलसारखं आवरण असतं आणि वरून उघडं, त्यामुळे पाणी वरून खाली असं एकाच दिशेने गोठतं आणि हवा नि क्षार खाली ढकलले जातात, वरचा भाग काचेसारखा निघतो. त्याला साधारण एक दिवस लागतो आणि फ्रीझरमध्ये जागा चांगलीच खातो, घरातली बाई वैतागते (म्हणजे मी). पण मोठा गोळा हळू वितळतो कारण तेवढ्याच बर्फाच्या छोट्या तुकड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी, मग पेग शेवटपर्यंत पाणचट होत नाही. दीराकडे हा साचा कायम भरलेलाच असतो.

याउलट व्हिस्की स्टोन्स, म्हणजे बर्फाऐवजी ग्लासात टाकायचे गार केलेले दगड. सगळ्या 'पुरुषांसाठी गिफ्ट' याद्यांमध्ये हे पहिल्या तीनात असतात, लाकडी पेटी, मखमली पिशवी, छोटा चिमटा, दिसायला एक नंबर. आणि थंड करायला? नाही. साधं गणित आहे, एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण 334 ज्यूल उष्णता ओढून घेतो, आणि एक ग्रॅम दगड एक अंश गरम व्हायला जेमतेम एक ज्यूल घेतो. दगड वितळत नाही हीच त्याची जाहिरात आणि हाच त्याचा प्रॉब्लेम, कारण गारवा खरा वितळण्यातूनच येतो. तीन-चार दगड टाकले तर पेग थोडा गार होतो, थंडगार नाही. स्टीलचे गोळे ज्यांच्या आत गोठणारं जेल असतं ते दगडांपेक्षा बरे, पण ते ग्लासात आपटतात, आणि नवऱ्याच्या मित्राच्या पातळ काचेच्या ग्लासला त्याने टवका गेला. शिवाय दर वेळी धुवा, पुसा, परत फ्रीझरमध्ये टाका, कोण करतंय. ज्याला ज्याला दिले त्यातल्या कोणाच्याच फ्रीझरमध्ये ते आता नाहीत.

डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायची काचेची सुरई. सरांच्या रिटायरमेंटला आम्ही सगळ्यांनी मिळून तो पृथ्वीच्या गोळ्यासारखा, आत काचेचं जहाज असलेला डिकँटर दिला होता. कार्यक्रमात हातात धरून फोटो काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मान्य. पण वापरायचा म्हटलं तर पहिली गोष्ट बर्बनला डिकँटरची गरजच नसते, ती वाइनसारखी हवा लागून सुधारत नाही. उलट काचेचं झाकण घट्ट बसलं नाही तर वास हळूहळू उडतो. आत जहाज असल्यामुळे ब्रश फिरत नाही, ओतताना थेंब खाली ओघळतो, आणि बाटलीवरचं लेबल गेलं की आत काय आहे ते दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही, सर स्वतःच हसत सांगत होते. एक गोष्ट मात्र गंभीर आहे, जुन्या पद्धतीच्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं, अशा डिकँटरमध्ये दारू महिनोन्‌महिने ठेवली तर ते शिसं दारूत उतरतं. त्यामुळे घेतलाच तर लेड-फ्री लिहिलेला घ्या आणि त्यात मुक्कामाला ठेवू नका, पाहुणे आले की भरा आणि संपवा. सरांच्या घरी तो शोकेसमध्ये रिकामा आहे, आणि छान दिसतो. रिटायरमेंटचं गिफ्ट शोभेला असेल तर तेही चालतं म्हणा, सगळंच काही वापरायला नसतं.

आता बॅरल. इथे थोडं बर्बन म्हणजे काय ते सांगावं लागेल. अमेरिकन नियमाप्रमाणे धान्यात किमान 51 टक्के मका, आणि मुरवायला आतून जाळलेलं नवीन ओकचं भांडं, वरून रंग नाही, चव नाही. आणि केंटकीतच बनली पाहिजे असंही नाही, अमेरिकेत कुठेही चालते. या 'नवीन' शब्दामुळे एकदा वापरलेलं बॅरल परत बर्बनला चालत नाही, मग ते स्कॉच, रम, टकिला, बिअरवाल्यांकडे जातं नाहीतर त्याच्या फळ्या होतात, आणि त्या फळ्यांचं हे सगळं मार्केट, ओपनर, कोस्टर, मेणबत्तीचे स्टँड, घड्याळं, कफलिंक. खरी फळी ओळखायची तर तिला बाक असतो आणि आतली बाजू जळून काळी असते. दीराला असा एक ट्रे दिला होता, सुरुवातीला काय सुंदर वास यायचा, आठ-पंधरा दिवसांत गेला. आणि काळी बाजू नीट सील केलेली नसेल तर काजळी लागते, पांढऱ्या शर्टवर तर हमखास. सील केलेला घ्या, टिकाऊ आहे, वजनदार आहे, रोज नाही पण पार्टीला निघतो.

छोटं बॅरल, एक-दोन लिटरचं, त्यात घरी मुरवायचं, हा वेगळाच प्रकार आहे आणि मला तो सगळ्यात मजेशीर वाटला. दादाला वाढदिवसाला दिलं. आल्यावर आधी पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं, लाकूड फुगून फटी बुजेपर्यंत ते गळत राहतं, खाली परात ठेवा. डिस्टिलरीतलं बॅरल साधारण 200 लिटरचं असतं, त्याच्या मानाने छोट्या बॅरलमध्ये थोड्याशा दारूला लाकडाचा खूप स्पर्श होतो, म्हणून काम वर्षांत नाही, आठवड्यांत होतं. दर आठवड्याला चमचाभर काढून चाखायची आणि मनासारखी झाली की लगेच बाटलीत काढायची, नाहीतर चहा जास्त उकळल्यासारखी तुरट होते. उडतेही बरीच. आधीच मुरलेली बर्बन त्यात घालून लोक ती आणखी लाकडी करतात, त्याला फारसा अर्थ नाही. दादाने शेवटी कॉकटेल मुरवायला घेतलं, दारू आणि व्हर्मुथ (मसाल्याची वाइन) एकत्र करून, आणि ते खरंच चांगलं लागलं. रिकामं ठेवलं तर सुकतं आणि परत गळतं, म्हणजे ही वस्तू पाळावी लागते. ज्या माणसाला लोणच्याच्या बरणीत रोज डोकवायची सवय आहे त्याला द्या, बाकीच्यांना अजिबात नको.

धुराचं किट पण असंच. ग्लासवर लाकडी झाकण, त्यात चेरी किंवा ओकचा भुगा आणि वरून टॉर्च. प्रमोशनच्या पार्टीत सगळ्यांनी व्हिडिओ काढले, मग वापर कमी कमी होत गेला, पण पाहुणे आले की अजून निघतं, त्यामुळे पूर्ण वाया नाही. टॉर्चमध्ये गॅस बहुतेक वेळा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि ब्युटेनचा डबा विमानात नेता येत नाही, आयत्या वेळी पंचाईत. जाळीवर चिकट काळं जमतं, ते साफ केलं नाही तर पेगला राखेची चव.

लग्नात नवऱ्यामुलाच्या मित्रांना नाव कोरलेले हिप फ्लास्क द्यायची फॅशन आहे. दिले. फोटो आले. संपलं. वापरायचाच असेल तर दोन-तीन दिवसांच्या वर त्यात दारू ठेवू नये, धातूचा वास लागतो.

मग सरळ बाटलीच का देऊ नये? द्यावी की, पण कुठली ते बघून. स्कॉच पिणाऱ्याला, तेही धुरकट स्कॉच, बर्बन गोड वाटते, त्याला राय हे धान्य जास्त असलेली तिखट बर्बन द्या, बुलेटसारखी. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मेकर्स मार्क, तिच्यात रायऐवजी गहू असतो म्हणून मऊ, आणि ते लाल मेणाचं झाकण बघून रॅपिंगचीही गरज नाही. बर्फ घालून किंवा कॉकटेलमध्ये पिणाऱ्याला बॉटल्ड-इन-बाँड, हा 1897 चा कायदा आहे, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान 4 वर्षं मुरलेली आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलची, पाणी सुटलं तरी चव टिकते आणि दर्जाचा अंदाज लेबलवरूनच येतो. ज्याला वस्तू जमवायची खोड आहे त्याला ब्लँटन्स, तिच्या बुचावर घोडा आणि जॉकी असतो, आठ वेगवेगळ्या बुचांवर नावाचं एकेक अक्षर आणि घोडा प्रत्येकात थोडा पुढे पळालेला. दीर ती बुचं गोळा करतोय, एन हे अक्षर दोनदा लागतं आणि त्याला सारखा टी-च मिळतोय. पुढचे सगळे वाढदिवस तेवढ्यावर निघतील. जॅक डॅनियल्सला मात्र बर्बन म्हणून देऊ नका, ती टेनेसी व्हिस्की म्हणून विकली जाते, आणि दर्दी माणूस असेल तर अर्धा तास लेक्चर ऐकावं लागेल. मधाची वगैरे चव घातलेल्या बाटल्याही गोड लिकर म्हणून ठीक, पण वर सांगितल्याप्रमाणे बर्बनमध्ये वरून चव चालत नाही.

बाटली उभी ठेवायला सांगा, वाइनसारखी आडवी नाही, जास्त अल्कोहोल बुचाला खातं.

न पिणाऱ्यांना बर्बन बॅरलमध्ये मुरवलेलं मेपल सिरप किंवा कॉफी बीन्स देता येतात, सिरप तर आमच्याकडे मुलांनीच संपवलं असतं, लपवून ठेवावं लागलं. पण जो माणूस प्रयत्न करून दारू सोडतोय त्याला या थीमचं काहीही नको, कॉफी पण नको, मेणबत्ती पण नको. ऑफिसच्या गिफ्टमध्ये हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून बॉसला किंवा नव्या ओळखीच्याला बर्बनचं गिफ्ट मी देतच नाही.

सगळ्यात जास्त थँक्यू मिळालं ते तयार बॉक्सला नाही, मी स्वतः जमवलेल्या ओल्ड फॅशन्ड या बर्बनच्या कॉकटेलच्या सामानाला. एक बॉटल्ड-इन-बाँड बाटली, अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे कडू अर्काची, छोटी बाटली (एका ग्लासला दोन-चार थेंबच लागतात), संत्र्याची साल काढायला चांगला पीलर, लांब दांड्याचा चमचा आणि तो बर्फाचा साचा. तयार सेटमध्ये याच वस्तू असतात पण पीलर बोथट आणि बिटर्स कुठले ते देव जाणे. दादाचं सामान वर्षभरात दोनदा भरून झालंय, म्हणजे आता त्याच्या वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्नच राहिला नाही, बिटर्स संपत आले की वहिनी मेसेज करते.