निवृत्तीची रक्कम: सहकारी बँक, प्रवर्तकाची बँक की मालक नसलेली कंपनी?

निवृत्तीचे पैसे हातात आले की अर्धा टक्का व्याज कुठे जास्त मिळतं, ते सगळे बघतात. चालवणाऱ्याला 'नाही' म्हणणारं तिथे कोणी आहे का, हे फारसं कोणी विचारत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या तीन संस्था दीड वर्षात अडचणीत आल्या. तिघींच्या कारभाराची तऱ्हा वेगळी होती.

पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, सहकारी. एक सभासद, एक मत, म्हणजे कागदावर अस्सल लोकशाही. पण कर्ज घ्यायचं तर शेअर घ्यावे लागतात, ठेव ठेवायला नाही लागत. त्यामुळे पैसे देणारा बहुधा मतदार यादीबाहेर आणि पैसे मागणारा आत! शिवाय सहकारातल्या वार्षिक सभा आपण पाहिल्यात: अहवाल वाचून होण्याआधीच मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर'. पीएमसीचे सुमारे ६,५०० कोटी, एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त, एकाच बांधकाम समूहाकडे होते. ते झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुढे मर्यादा वाढत गेली. पण जानेवारी २०२२ मध्ये युनिटी बँकेत विलीनीकरण झालं तरी मोठ्या ठेवींची पूर्ण परतफेड दहा वर्षांवर गेली.

येस बँकेत संस्थापकच बराच काळ मुख्य कार्यकारी. निर्णय झटपट, लगाम सैल. ५ मार्च २०२० ला पैसे काढण्यावर ५०,००० ची मर्यादा आली आणि १८ मार्चला उठलीसुद्धा, कारण स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातलं. ठेवी शाबूत राहिल्या. मात्र तिचेच ८,४१५ कोटींचे एटी-वन बाँड (बँक संकटात आली तर रद्द करता येणारे जोखमीचे रोखे) शून्य केले गेले आणि ते भांडण कोर्टात गेलं.

आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी. तिला प्रवर्तकच, म्हणजे मुख्य मालकच, नव्हता. भागधारक एलआयसी, स्टेट बँक, जपानची ओरिक्स. नावं भारदस्त, पतमानांकन 'एएए' म्हणजे सर्वोच्च, डोक्यावर कर्ज सुमारे ९१,००० कोटी. सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, अशी गत. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं संचालक मंडळच बदललं.

माझा कौल: मोठी रक्कम मोठ्या बँकेत, साध्या मुदत ठेवीत. 'एफडीसारखंच आहे' असं सांगून काही विकायला लागले तर उठून यावं. सहकारी बँक घराजवळ आहे, माणसं ओळखीची आहेत, तर जरूर ठेवा. पण सगळ्या शाखा आणि व्याज धरून ५ लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच. कंपनीच्या रोख्यांना तोही नाही. आणि वार्षिक अहवाल हाती आलाच, तर चकचकीत फोटो सोडून सर्वात मोठ्या वीस कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे, तो आकडा आधी शोधा.